पायवाटांचे मालक

इंग्रजी शिकविणाऱ्या माझ्यासारख्या शाळामास्तरासाठी वर्डस्वर्थची डॅफोडिल फुले दरवर्षी नेमाने फुलतात. मुले कविता पाठ करतात. पण ज्या सरोवरप्रांतात ती फुले डोलली, तेथे पायी हिंडण्याचा हक्क सामान्य माणसाला कसा मिळाला, ही हकीकत पाठ्यपुस्तकात नसते. मला ती कवितेइतकीच गोड वाटते.

इंग्लंडच्या वायव्येस डोंगर आणि लांबट सरोवरे यांचा हा मुलूख. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रवासी त्याला भयाण म्हणत. १७७८ साली टॉमस वेस्टचे मार्गदर्शक पुस्तक निघाले आणि हौशी लोकांची रीघ लागली. पुढे १८१० साली वर्डस्वर्थनेही या प्रदेशाचे वर्णन लिहिले. हा मुलूख एका परीने साऱ्या राष्ट्राची ठेव आहे, असा त्याचा विचार. गंमत अशी, की १८४४ साली तेथे आगगाडी येणार म्हणताच याच कवीने वर्तमानपत्रात पत्रे लिहून कडाडून विरोध केला! गिरण्या-कारखान्यांतल्या मजुरांच्या झुंडी येऊन तेथली शांतता लयाला जाईल, ही त्याची धास्ती. तरी १८४७ साली गाडी विंडरमिअरला पोचलीच.

गाडी आली, पण वाटा कोणाच्या? केझिक गावाजवळच्या लॅट्रिग टेकडीवर जाण्याच्या जुन्या वाटा जमीनदाराने बंद केल्या. तेव्हा १८८७ च्या ऑक्टोबरात सुमारे २,००० माणसे अडथळे दूर सारून टेकडी चढून गेली. प्रकरण कोर्टात गेले, आणि अखेर माथ्याकडे जाणारी वाट लोकांना मोकळी झाली.

१८९५ साली तिघांनी नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापिली. त्यांतले एक होते केझिकचे धर्मोपदेशक रॉन्स्ली. १९०२ साली डरवेंटवॉटर सरोवराकाठचे ब्रँडलहाऊचे रान या संस्थेने लोकवर्गणीतून विकत घेतले. त्या वर्गणीत कामगारांचीही नाणी होती, हे विशेष! ज्यांच्या येण्याची कवीला धास्ती वाटली, त्यांनीच त्याची ठेव राखायला हातभार लावला.

१९५१ साली सारा प्रांत राष्ट्रीय उद्यान झाला. केंडल गावच्या नगरपालिकेचा खजिनदार वेनराइट याने १९५५ ते १९६६ या काळात २१४ शिखरांच्या वाटा स्वहस्ते रेखाटून सात पुस्तके सिद्ध केली. त्यांच्या आधाराने आजही माणसे तेथे हिंडतात.

सौंदर्य पाहण्याची दृष्टी कवी देतो, हे खरेच. पण तिथवर जाणारी वाट मोकळी राहते, ती साध्या माणसांच्या पावलांनी. पुढच्या वर्षी कविता शिकविताना हेही मुलांना सांगावे म्हणतो.