पत्र्याखालचा इतिहास

वाशिम, रिसोड, मंगरुळपीर, कारंजा... आमच्या जिल्ह्यात कुठेही जा, गोठ्यावर, किराणा दुकानावर, नाहीतर जुन्या घराच्या पडवीवर करडा, नागमोडी पत्रा दिसतोच. आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो. टिनापेक्षा कमी तापतो, गंजत नाही, परवडतो. अशा बहुतेक जुन्या पत्र्यांत सिमेंटसोबत अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, हे मात्र फारसं कोणी बोलत नाही.

हे तंतू श्वासातून फुप्फुसात गेले की आजार दिसायला वीस, तीस, कधी चाळीस वर्षं लागतात. तोवर कारखान्यातला माणूस निवृत्त होऊन गावी परतलेला असतो. खोकला सुरू झाला की कोणी टीबी म्हणतं, कोणी दमा. जुन्या नोकरीबद्दल विचारणार कोण?

म्हणूनच १९९५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला महत्त्वाचा वाटतो. अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने सांगितलं की कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं, किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपून ठेवा. आजार सावकाश येतो, तर कागदही तेवढाच टिकला पाहिजे!

पण एकट्या देशाचं हे काम नव्हतं. युरोपात हा माल आधी वापरला गेला, माणसंही आधी गेली. त्यांचा भूतकाळ म्हणजे आपलं भविष्य. १९९९ मध्ये लंडनमध्ये लॉरी कझान-अ‍ॅलन यांनी बंदीसाठी आंतरराष्ट्रीय सचिवालय सुरू केलं. २००० साली ब्राझीलमधल्या ओसास्कोला जागतिक परिषद भरली. आजारी कामगार, डॉक्टर, वकील एकमेकांना भेटले, एकाचा पुरावा दुसऱ्याच्या कामी येऊ लागला. इकडे मुंबईत डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीतल्या कामगारांची तपासणी केली. २००५ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात साधारण पाचातल्या एकाला अ‍ॅस्बेस्टोसिस आढळला.

आणि मग 'क्लेमान्सो'. ३१ डिसेंबर २००५ ला ही फ्रेंच विमानवाहू नौका तोडण्यासाठी तूलाँहून गुजरातच्या अलंगकडे निघाली, पोटात अ‍ॅस्बेस्टॉस घेऊन. भारतात प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं. फ्रान्समध्ये अ‍ॅस्बेस्टॉसने आजारी पडलेल्यांची संघटनाच कोर्टात उभी राहिली. आपल्याला झालं ते अलंगच्या मजुराला होऊ नये म्हणून! १५ फेब्रुवारी २००६ ला राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी जहाज परत बोलावलं. पुढे ते ब्रिटनमध्ये तोडलं गेलं.

सगळीकडे असं यश आलं नाही. पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस रॉटरडॅम कराराच्या धोक्याच्या यादीत घालायचा प्रस्ताव २००६ पासून अडतोय. गंमत बघा, यादीत घालणं म्हणजे बंदीसुद्धा नव्हे, विकत घेणाऱ्या देशाला आधी कळवून त्याची संमती घ्यायची, एवढंच! २०११ मध्ये भारताने पाठिंबा दिला, २०१३ मध्ये पुन्हा विरोध केला. एकेकाळी विरोधात पुढे असलेल्या कॅनडाने २०१८ मध्ये स्वतःकडे बंदी घातली. आपल्याकडे परदेशातून आयात चालूच आहे.

असो. हे वाचून कोणी उद्याच छप्पर उतरवायला निघू नका. धड पत्रा शांत बसलेला असतो, धोका तो कापताना, छिद्रं पाडताना, फोडताना उडणाऱ्या धुळीचा. काढावाच लागला तर ओला करून, अख्खा उतरवा, तुकडे अंगणात पोरांना खेळायला ठेवू नका.

प्रश्न उरतोच, गरिबाने दुसरं परवडणारं छप्पर आणायचं कुठून? बंदीची मागणी करणाऱ्यांना आणि सरकारलाही याचं उत्तर द्यावं लागेल. तुमच्या गावात काय वापरतात, नक्की कळवा.