वर्दी कोणी द्यायची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

जुन्या काळी गावात काही बरेवाईट घडले, की त्याची वर्दी तालुक्याला कोणी न्यायची हे ठरलेले असे. चोरी होवो, मारामारी होवो, विहिरीत प्रेत सापडो. पाटलाने निरोप द्यायचा आणि वेसकर महाराने कचेरीची वाट धरायची. १८६७ च्या कायद्याने पाटलाकडे पोलिसी काम आले आणि १८७४ च्या वतन कायद्याने महाराची ही चाकरीही बांधली गेली. हे वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडावे लागले. साऱ्या गावची वर्दी नेणाऱ्या या माणसावर गावातूनच हात उगारला गेला, तर त्याची वर्दी कोणी न्यायची? आज ज्यांना जगभर द्वेषमूलक गुन्हे म्हणतात आणि आपण 'अ‍ॅट्रॉसिटी' या नावाने ओळखतो, त्या गुन्ह्यांच्या तक्रारीचा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो.

तक्रार का होत नाही, याचा पहिला नीट शोध मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने घेतला. १९२८ साली नेमलेल्या या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर, डॉ. सोळंकी आणि ठक्करबाप्पा होते. मार्च १९३० मध्ये अहवाल आला. हक्क कागदावर दिले तरी ते वापरायला लोक धजणार नाहीत, असे समितीला स्पष्ट दिसत होते. एक तर मारहाणीचे भय. त्याहून मोठे भय बहिष्काराचे. अस्पृश्य वस्ती प्रत्येक गावात मूठभर. कसायची जमीन दुसऱ्याची, मजुरी दुसऱ्याच्या शेतावर. तिने तोंड उघडले की वाट बंद, काम बंद, वाण्याकडचे मीठमिरची बंद. आणि निमित्त काय? चांगले कपडे घातले, नवरदेव घोड्यावर बसवला, एवढेही पुरे होई. त्याच वर्षी गोलमेज परिषदेत बाबासाहेबांनी बहिष्कार हाच गुन्हा ठरवावा अशी मागणी केली आणि त्यासाठी ब्रह्मदेशातल्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आधार घेतला.

स्वातंत्र्यानंतर १९५५ मध्ये अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला. त्यात एक मोठी फट होती. गुन्हा आपसात मिटवता येत असे. आता ज्याची चूल गावावर अवलंबून, त्याच्याशी 'तडजोड' म्हणजे काय, हे चावडीवर बसलेल्या कोणालाही ठाऊक असते. १९७६ मध्ये ही फट बुजवली आणि कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. मात्र खून, जाळपोळ, जमिनीवरून हुसकावणे यांना तो पुरा पडेना. म्हणून १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आला आणि ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला. माझ्या मते खरा बदल घडवला तो त्याखालच्या १९९५ च्या नियमांनी, कारण वर्दी देणाऱ्याला वाटेत काय काय अडवते याचा विचार त्यांत प्रथमच बारकाईने झाला.

आपल्या जिल्ह्यात हे किती खोल जाते, ते दोन प्रकरणांवरून पाहू. जिल्ह्याचे नाव आज अहिल्यानगर आहे, त्या वेळी अहमदनगर होते.

१ जानेवारी २०१३ रोजी नेवासे तालुक्यातल्या सोनईजवळ सफाईकाम करणाऱ्या तीन तरुणांचा खून झाला. मागे आंतरजातीय प्रेमसंबंधाचा राग होता. पोलिसांकडे पहिली खबर गेली ती मात्र टाकीत बुडून अपघात झाल्याची! पहिली वर्दी कोण देतो याला किती मोल असते, ते इथे दिसते. खटला नगरऐवजी नाशिकला चालला. विशेष सरकारी वकील नेमले गेले आणि पुरावा बराचसा परिस्थितीजन्य असूनही जानेवारी २०१८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेले.

दुसरे प्रकरण जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याचे. खर्डा म्हटले की आपल्याला शाळेत शिकलेली १७९५ ची निजामाबरोबरची लढाई आठवते. २८ एप्रिल २०१४ पासून या गावाच्या नावाला दुसरी आठवणही चिकटली आहे. बारावीच्या वयाचा एक दलित मुलगा प्रेमसंबंधाच्या संशयावरून भरदिवसा मारला गेला. गुन्हा नोंदला गेला, अटका झाल्या, मोर्चे निघाले, मंत्री येऊन गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या न्यायालयात सर्व आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार एकामागून एक उलटले होते.

अशा साक्षीदाराला आपण 'फितूर' म्हणतो. मला हा शब्द पुरता पटत नाही. काही जण विकले जात असतीलही. पण ज्याला साक्ष देऊन संध्याकाळी त्याच गावात परतायचे आहे, त्याच्या मनात जे येते तेच १९३० च्या अहवालात लिहिलेले आहे.

खर्ड्यानंतर कायद्यात जे बदल झाले ते याच दुखण्यावर बोट ठेवतात. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार घालणे, तशी धमकी देणे, हा या कायद्याखालीच गुन्हा ठरला. पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांचे स्वतंत्र कलम आले. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याआधी चौकशीची अट घातली. ते प्रकरण आपल्याच राज्यातले, कऱ्हाडचे. त्याच वर्षी संसदेने १८-अ कलम घालून ती अट काढली आणि फेब्रुवारी २०२० मध्ये न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. कायद्याचा गैरवापर होतो, ही तक्रार आपल्या जिल्ह्यात मोठ्याने ऐकू येते. खोटी फिर्याद तपासात आणि न्यायालयात उघडी पडू शकते. न नोंदलेली खरी फिर्याद मात्र कोठेच पोचत नाही.

आता प्रत्यक्षात काय करायचे? तक्रार तोंडी सांगितली तरी चालते. ठाणेदाराने ती लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, सही घ्यायची आणि नक्कल फुकट द्यायची. ती नक्कल मागून घ्या, जपून ठेवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेमुळे घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असो, वर्दी कोणत्याही ठाण्यात देता येते. नोंद नाकारली तर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवायची. जो सरकारी नोकर कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करतो, त्यालाही सहा महिने ते एक वर्ष शिक्षेची तरतूद आहे. अर्थात तो स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ती लागत नाही. तपास उपअधीक्षक दर्जाखालच्या अधिकाऱ्याने करायचा नाही आणि साठ दिवसांत आरोपपत्र जायला हवे.

मदतीसाठी समाजकल्याण खात्याचे जिल्हा कार्यालय आणि जिल्हाधिकाऱ्यांची दक्षता समिती आहे. खुनाच्या प्रकरणात २०१६ च्या नियमांप्रमाणे कुटुंबाला सव्वाआठ लाख रुपये मिळतात. निम्मे शवविच्छेदनानंतर आणि निम्मे आरोपपत्र न्यायालयात गेल्यावर. १४५६६ हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक डिसेंबर २०२१ पासून सुरू झाला. साक्षीदाराला तालुक्याला किंवा न्यायालयात जाण्याचे भाडे आणि बुडालेली मजुरी मिळते; स्त्रिया, मुले आणि साठीपुढची माणसे यांना सोबत्याचे भाडेही मिळते. जिवाला धोका वाटला तर २०१८ च्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा पातळीवर अर्ज करता येतो. हा अर्ज साक्षीच्या आदल्या दिवशी करायचा नसतो. फिर्याद दिली त्या आठवड्यातच तो करावा, कारण माणसे गाठली जातात ती त्याच दिवसांत.