‘कंदीसा’ : शब्दाच्या आगमनाचा इतिहास

रॉक बँडच्या वाटचालीत दुसरा स्टुडिओ अल्बम ही कसोटी मानली जाते. पहिल्यामागे वर्षानुवर्षांची साठवण असते. दुसऱ्यासाठी नवे द्रव्य शोधावे लागते. दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ने हे द्रव्य कोठून आणले, हा प्रश्न भाषा व साहित्याच्या अभ्यासकांसाठीही महत्त्वाचा आहे.

सुश्मित सेन (गिटार) आणि असीम चक्रवर्ती (तबला, गायन) यांनी १९९० मध्ये या बँडचा आरंभ केला. पुढे राहुल राम (बास गिटार, गायन) आणि १९९४ मध्ये अमित किलाम (ड्रम्स) त्यात आले. पहिला स्टुडिओ अल्बम १९९३ चा. १९९७ चा ‘डेझर्ट रेन’ हे प्रत्यक्ष कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण असल्याने ‘कंदीसा’ (२०००) हाच दुसरा स्टुडिओ अल्बम ठरतो. दोहोंमधील अंतर सात वर्षांचे आहे. आरंभीच्या काळात बँडचा भर प्रामुख्याने वाद्यसंगीतावर होता. ‘कंदीसा’मध्ये शब्द केंद्रस्थानी आला. हे या अल्बमच्या घडणीचे मुख्य वैशिष्ट्य होय.

मात्र यातील महत्त्वाचे शब्द बँडने स्वतः रचलेले नाहीत. सात रचनांपैकी तीन याची साक्ष देतात. शीर्षकरचना ही केरळच्या सिरियन ख्रिस्ती उपासनेतील प्राचीन सिरियाक प्रार्थना आहे. ‘हिले ले’ ही गोरख पांडे यांची भोजपुरी कविता. जवाहरलाल नेहरू विद्यापीठाशी निगडित असलेले हे जनवादी कवी १९८९ मध्ये निवर्तले. म्हणजे त्यांच्या कवितेला हा नवा श्रोतृवर्ग त्यांच्या पश्चात लाभला. ‘मा रेवा’ हे नर्मदेच्या खोऱ्यातील स्तुतिगीत. उपासनेची वाणी, चळवळीची वाणी आणि लोकपरंपरेची वाणी अशा तीन भिन्न स्रोतांतून हा अल्बम सिद्ध झाला. तिन्ही वाणी मूलतः समूहाच्या आहेत, ही बाब येथे ध्यानात घ्यावयास हवी.

यांपैकी ‘मा रेवा’चा प्रवास सर्वाधिक अर्थपूर्ण आहे. पर्यावरणीय विषविज्ञानात डॉक्टरेट मिळवलेले राहुल राम १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात नर्मदा बचाव आंदोलनात कार्यरत होते. हे गीत संग्राहकाच्या वहीतून नव्हे, तर चळवळीतील सहवासातून बँडकडे आले. त्याच खोऱ्यात अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली आहे. सरदार सरोवराच्या बुडिताची झळ महाराष्ट्रात प्रथम सोसणाऱ्या गावांत त्याची गणना होते.

आंदोलनाने १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली होती. अल्बम आला तेव्हा ती प्रलंबित होती. १८ ऑक्टोबर २००० रोजी न्यायालयाने बहुमताने धरणाचे बांधकाम पुढे नेण्यास अनुमती दिली. २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीला पोहोचला. वाहत्या नदीला उद्देशून असलेले गीत ध्वनिमुद्रणात स्थिरावले आणि खोऱ्याच्या मोठ्या भागात नदीचे वाहणेच थांबले. महानगरी श्रोत्याला या गाण्याची लय मोहवते. पण त्यामागचे विस्थापन त्या लयीतून आपोआप कळत नाही.

येथे ध्वनिमुद्रणाची मर्यादा दिसते, तसेच त्याचे सामर्थ्यही. मौखिक गीत दरवेळी थोडे बदलते; अल्बम त्याचा एकच पाठ कायम करतो आणि पुढच्या पिढीला तोच मूळ वाटू लागतो. तथापि असीम चक्रवर्ती २००९ मध्ये निवर्तले, सुश्मित सेन २०१३ मध्ये बँडपासून विलग झाले, आणि चौघांचा तो मेळ आता याच पाठात शिल्लक आहे. म्हणून ‘कंदीसा’चे मोल ठरवताना संगीताच्या नावीन्याइतकाच त्यातील शब्दांच्या मूळ धन्यांचाही विचार व्हावयास हवा. गीत ज्यांच्याकडून घेतले, त्यांचा इतिहास सांगितल्याविना त्या गीताचा इतिहास पूर्ण होत नाही.