शब्दवेध : स्कॉच-आयरिश

‘स्कॉच’ म्हटलं की आपल्याला बाटली आठवते. खुद्द स्कॉटलंडची माणसं हा शब्द स्वतःला लावून घ्यायला आता राजी नसतात. अमेरिकेत मात्र तो ‘स्कॉच-आयरिश’मध्ये टिकला. सतराव्या शतकात स्कॉटलंडहून आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतात वसलेल्यांचे प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंट पंथाचे वंशज १७१८च्या सुमारास अमेरिकेकडे निघाले. तिथे लोक त्यांना सरसकट ‘आयरिश’च म्हणत. १८४५नंतरच्या दुष्काळात कॅथलिक आयरिशांचे लोंढे आले, तेव्हा ‘आम्ही त्यातले नव्हे’ हे ठसवायला हे जोडनाव मिरवलं जाऊ लागलं.

म्हणूनच या लोकांतले आपले पूर्वज शोधणाऱ्याला वसाहतकाळच्या दप्तरात हा शब्द शोधून फारसं हाती लागत नाही. जहाजांच्या याद्याही दगा देतात. पेनसिल्व्हेनियात १७२७पासून राजनिष्ठेच्या शपथेसाठी नावं टिपली ती परक्यांची, म्हणजे मुख्यतः जर्मनांची. अल्स्टरवाले राजाचेच प्रजाजन. त्यांना कोण विचारतो! त्यांचा माग लागतो जमिनीच्या कागदांत: आधी वॉरंट (जमीन मोजून देण्याचा हुकूम), मग मोजणी, शेवटी पेटंट (मालकीची सनद). मोजणीत हद्द एखाद्या पांढऱ्या ओकपासून सुरू होते, साडेसोळा फुटांच्या ‘पर्च’मध्ये पुढे सरकते, आणि कडेला लगतच्या खातेदारांची नावं असतात. ती आधी वाचावीत. शेजारी पुष्कळदा सोयरे निघतात.