ओझ्याच्या अटी



इतिहास म्हटला की आपल्या भोर-वेल्ह्यात राजगड, तोरणा आणि रोहिडा यांची आठवण प्रथम होते, आणि ती व्हावी हे योग्यच आहे. परंतु गडावर जे धान्य आणि जे मीठ चढले ते कोणाच्या तरी पाठीवरूनच चढले. त्या पाठीविषयी मला आज बोलावयाचे आहे. मी शाळेत सातवीपुढे गेलेला नाही. जे थोडेफार वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

विषय सुचला तो सातारा रस्त्यावरील एका गोदामात. आमच्या सभासदांच्या कामासाठी मी तेथे गेलो होतो. माल वाहणारी स्वयंचलित यंत्रे तेथे नुकतीच आली होती. त्यांना रोबो म्हणतात. दिसावयास चौरंगासारखी बुटकी. हाकणारा कोणी नाही. लेसरच्या किरणांनी वाट चाचपीत ते यंत्र आपोआप जाते, मालाच्या पॅलेटखाली शिरते आणि हजार किलोचा भार अलगद उचलून चालू लागते. पॅलेट म्हणजे फळ्या ठोकून केलेला लाकडी पाट. त्यावर माल रचून वरून प्लॅस्टिक गुंडाळतात. माझ्यादेखत एक यंत्र मध्येच थांबले. का? तर प्लॅस्टिकचे एक टोक सुटून खाली लोंबत होते आणि यंत्राला ती आडवी भिंत वाटली! वेल्ह्याकडचा एक पोरगा धावत आला. त्याने ते टोक कापले आणि यंत्र पुढे गेले.

भिंतीवर एक यादी लावली होती, ती मी उभ्याउभ्या वाचून काढली. पॅलेट ठरल्या मापाचेच हवे. फळी मोडकी नको, खिळा वर आलेला नको. माल काठाबाहेर जाता कामा नये. भार दोन्ही अंगांना सारखा पाहिजे, जड माल खाली, हलका वर. ठरल्यापेक्षा अधिक वजन चालणार नाही. खालून आडव्या पट्ट्या असलेल्या पॅलेटखाली यंत्राला शिरता येत नाही, म्हणून ते आधी घोडीवर ठेवावे. जमीन सपाट आणि स्वच्छ हवी. बॅटरी उतरली म्हणजे यंत्र आपण होऊन विसाव्याला जाणार, त्याला अडवू नये. या यादीत मला काडीचेही वावगे दिसले नाही. ओझे वाहणाऱ्याने ओझ्याला घातलेल्या या अटी आहेत, आणि त्या असावयासच हव्यात. मनात एवढेच आले की माणसाच्या नावाने अशी यादी कधी लागली होती काय?

पूर्वी वरंध्याच्या घाटाने आणि वेल्ह्याच्या मढे घाटाने कोकणातले मीठ बैलांच्या पाठीवरून वर येई. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी असे, आणि दोन्ही बाजू सारख्या भरणे ही त्या धंद्यातील पहिली विद्या होती. एक अंग जड झाले की घाटात बैलाचा तोल जाई, पाठ सोलून निघे आणि बैल खाली बसे. बैल बसला की बसला, त्याला सावकाराच्या हप्त्याची भीती नसते. म्हणून त्याच्या ओझ्याची काळजी घेणे मालकाला भाग होते.

माणसाचे तसे नव्हते. या दोन्ही तालुक्यांतील माणसे पोटासाठी मुंबईला गेली. माझे वडीलही गेले, आणि मशीद बंदरला त्यांनी उमेदीची वर्षे पोती वाहिली. त्यांची चुंबळ अजून आमच्या घरात आहे. दोघांनी उचलून तिसऱ्याच्या पाठीवर द्यावयाचे, असे ते शंभर किलोच्या घरातले पोते. ते व्यापाऱ्याच्या सोयीचे होते. पाठीचा विचार त्यात कोणी केलेला नव्हता. १९५६ च्या कायद्याने मण-शेर जाऊन किलो आले. माप बदलले, ओझे तेवढेच राहिले. १९४८ च्या कारखाने कायद्यात, ३४ व्या कलमात, इजा होईल इतके वजन कोणाकडून उचलवून घेऊ नये असे लिहिलेले होते. पण ते कारखान्यापुरते. बाजारातील हमाल त्याच्या बाहेरच राहिला.

लाकडाच्या पाटाचा इतिहास मात्र किती झपाट्याने पुढे सरकला पाहा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने पॅलेट आणि फोर्कलिफ्ट यांचा सर्रास वापर केला. १९६१ मध्ये युरोपातील रेल्वेंनी पॅलेटचे एकच माप ठरविले, ८०० बाय १२०० मिलिमीटर, आणि खिळे किती तेही मोजून, ७८! माणसाच्या ओझ्यावर जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने करार केला तो १९६७ साली, म्हणजे फळीनंतर सहा वर्षांनी. सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा होती. आपल्या देशाने त्या करारावर मान्यतेची सही केली २०१० साली. मधली त्रेचाळीस वर्षे मोजण्याचे काम मी आपणांवर सोपवितो.

आपल्या राज्यात जे झाले ते पाठींनी स्वतः करून घेतले. मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी माथाडींना संघटित केले, तर पुण्यात बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली. १९६९ साली माथाडी कायदा झाला. पोते पन्नास किलोचे करा, ही मागणी हमालांनी वर्षानुवर्षे लावून धरली. इकडे अमेरिकेत १९५६ साली ५८ पेट्या घेऊन पहिले कंटेनरवाहू जहाज निघाले होते. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या गोदीत पोत्याला लागणारे हात कमी होत गेले. यंत्राला माझा विरोध नाही. वडिलांचा वाकलेला खांदा पाहिलेला माणूस तो करणारच नाही.

पण यंत्राची ती यादी पाळतो कोण? मोडकी फळी वेगळी काढणे, कलंडलेला माल पुन्हा रचणे, प्लॅस्टिक गुंडाळणे, लोंबते टोक कापणे, जमीन झाडणे, हे सारे माणसे करतात. माथाडी कायद्याच्या परिशिष्टात चढउतार, रचणे, वाहणे, तोलणे यांच्याबरोबरच त्या कामाची पूर्वतयारी आणि आनुषंगिक काम यांचाही शब्दाने उल्लेख आहे. ज्या धंद्याला तो कायदा लागू आहे, तेथे माझ्या मते त्या पोराचे काम माथाडीचेच होय. ठेकेदार त्याला मदतनीस म्हणतो, आणि भांडण नेमके त्या एका शब्दावर आहे.

त्याच गोदामाच्या दारात ट्रकमधून पोती उतरत होती. पोत्यावर वजन छापलेले होते. पण एका माणसाने दिवसाला किती उचलावयाची आणि थप्पी किती उंच लावावयाची, हे कोठेच लिहिलेले नव्हते. तो पोरगा मला म्हणाला, "दादा, त्याला जास्त झालं की त्याचा लाल दिवा लागतो."

त्या भिंतीवर दुसरी यादी लावावी म्हणून आम्ही अर्ज दिला आहे. तिच्यात पहिली ओळ वजनाची, दुसरी थप्पीच्या उंचीची आणि तिसरी विसाव्याची आहे. जागा पहिल्या यादीच्या शेजारीच मागितली आहे.