डिग्री हातात, वजन कमी

गटाच्या बैठकीत मुलीच्या शिक्षणाचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, "एवढं शिकून पगार किती मिळणार?" प्रश्न रास्त आहे. पण नोकरीच्या दारात डिग्रीशिवाय आणखी काय मोजतात, हेही विचारलं पाहिजे. त्यासाठी आज अमेरिकेची हकिकत सांगते.

तिकडे शाळा संपली की दोन वर्षांची असोसिएट डिग्री घेता येते. तिथल्या चार वर्षांच्या पदवीच्या निम्मी समजा. त्यातला एक विषय क्रिमिनल जस्टिस, म्हणजे पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांचं काम. पूर्वी पोलिसाला कॉलेज कशाला, असंच तिथंही म्हणत. १९६५ साली न्यूयॉर्कमध्ये खास पोलिसांसाठी कॉलेज सुरू झालं. १९६८ च्या कायद्यानं तर पोलिसांना आणि पोलीस होऊ पाहणाऱ्यांना शिकायला सरकारी पैसा मिळू लागला, आणि हे वर्ग गावोगावच्या कॉलेजांत निघाले.

बायकांचं काय? लॉस एंजेलिसला अ‍ॅलिस स्टेबिन्स वेल्स १९१० मध्येच पोलिसात लागल्या होत्या. पण बढतीचं नाव काढायचं नाही! न्यूयॉर्कच्या फेलिशिया श्प्रिट्झर चांगल्या शिकलेल्या. १९६१ मध्ये त्यांना सार्जंटच्या परीक्षेला बसूच दिलं नाही, का तर बाई. त्या कोर्टात गेल्या, जिंकल्या आणि १९६५ मध्ये सार्जंट झाल्या.

मला जास्त भिडते ती अलाबामा राज्यातली डायान रॉलिन्सन. वय २२, कॉलेजात शिकलेला विषयही तुरुंगातल्या माणसांच्या मानसशास्त्राचा. तुरुंगात रक्षकाच्या नोकरीसाठी तिनं अर्ज केला. तो फेटाळला, कारण वजन १२० पौंड, म्हणजे साधारण साडेचोपन्न किलो, भरलं नाही. उंचीची अटही होती, ५ फूट २ इंच. या दोन अटींनी देशातल्या ४१ टक्के बायका बाहेर राहत होत्या, पुरुष मात्र एक टक्कासुद्धा नाही. नियम सगळ्यांना सारखाच, असं वरून दिसतं. गाळलं कोण जातं ते असं मोजल्यावर कळतं. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टानं या अटी रद्द केल्या. पण त्याच निकालात, पुरुषांच्या कडक बंदोबस्ताच्या तुरुंगात कैद्यांजवळच्या कामावर बायका नकोत, हा राज्याचा नियम ठेवला. अर्धीच जीत.

आता पगार. २०२३ चे तिथले सरकारी आकडे सांगते, वर्षाचे. पोलीस सुमारे ७५ हजार डॉलर, तुरुंगरक्षक ५३ हजार, खाजगी सुरक्षारक्षक ३७ हजार. ही डिग्री घेतलेली मुलगी तिन्हीकडे दिसेल, पण पगारात दुपटीचा फरक. सुरक्षारक्षकाला तर ती लागतही नाही. तुरुंगाऐवजी बाहेर देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोबेशन अधिकाऱ्याला बहुतेक ठिकाणी चार वर्षांचीच पदवी लागते, तिथं दोन वर्षं अपुरी पडतात. म्हणून प्रवेश घेण्याआधी कुठली नोकरी हवी ते ठरवावं लागतं, फी भरल्यावर नाही.

आपल्याकडे पोलीस शिपाई व्हायला डिग्री लागत नाही, बारावी चालते. महिलांसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. उंची मात्र १५५ सेंटिमीटर भरावी लागते.