'पानी' अशुद्ध कोणी ठरवलं?

शाळेत शब्द शिकवायचे म्हणजे काय? समानार्थी पाठ करा, विरुद्धार्थी लिहा, वाक्यात उपयोग करा. मार्क मिळाले की शब्द संपला. त्यात वस्तीतलं मूल 'पानी' म्हणालं, तर वर्गासमोर उभं करून त्याच्याकडून 'पाणी' वदवून घेतात. ज्याला आपली बोलीच चुकीची आहे असं शिकवलं जातं, त्याला शब्दांची गोडी कशी लागणार? आमचं म्हणणं असं की, ती पाठांतराने लागत नाही. शब्दाचा इतिहास कळला की लागते.

'पानी'चंच घ्या. पालीत 'पानीय', संस्कृतातही 'पानीय'. पुढे प्राकृतात आणि मराठीत 'न'चा 'ण' झाला. मग वस्तीतला 'न' अशुद्ध कसा? प्रमाण मराठी आपल्या मुलांना आलीच पाहिजे, परीक्षा आणि नोकरी तिच्यातच आहे. पण ती शिकण्यासाठी घरच्या भाषेची लाज वाटायची गरज नाही. आणि याच शब्दाचा माग काढत मूल २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर पोचतं. एका शब्दात एवढा इतिहास भरला आहे.

शब्द हाती आले की काय घडतं, ते मुक्ता साळवेने दाखवलं. फुले दांपत्याच्या शाळेत शिकलेली ही मातंग समाजातली मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा निबंध छापून आला. वेदांवर आमचा अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता, हा तिचा सवाल होता. पिढ्यानपिढ्या मुकाट सोसलेलं दुःख एका शाळकरी मुलीने शब्दांत मांडलं.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते नाकारलं गेलं, पर्शियन घ्यावी लागली. त्याच विद्यार्थ्याने पुढे पाली शब्दकोश तयार केला, इंग्रजी, मराठी, हिंदी आणि गुजराती अर्थांसह. त्यांच्या वृत्तपत्रांची नावं पाहा: 'मूकनायक' १९२०, 'बहिष्कृत भारत' १९२७, 'प्रबुद्ध भारत' १९५६. मूक, बहिष्कृत, प्रबुद्ध. तीन शब्दांत समाजाचा प्रवास आहे. १९३८ साली मुंबई विधिमंडळात अस्पृश्यांसाठी 'हरिजन' हा शब्द कायद्यात आणायचं ठरलं, तेव्हा बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांनी सभात्याग केला. आपलं नाव दुसऱ्याने ठेवायचं नाही, हा त्यामागचा स्वाभिमान.

म्हणून कार्यकर्त्यांनो, विहारातल्या अभ्यासवर्गात एक साधं काम सुरू करा. प्रत्येक मुलाने घरून एक शब्द आणायचा. आजीचा, शेतातला, बापाच्या कामावरचा. तो फळ्यावर लिहायचा, कोण वापरतं ते विचारायचं, शब्दकोशात शोधायचा. सापडला तर आनंद. नाही सापडला तर मुलांना विचारा: कोश कोणी केला, आणि त्याने कोणाच्या घरी जाऊन शब्द गोळा केले? मग तो शब्द अर्थासह आपल्या वहीत नोंदवा. वर्षभरात वस्तीचा स्वतःचा कोश उभा राहील, आणि करणारी मुलंच असतील.

'शिका' या आदेशात हेही येतं. शब्द आपल्याला नाकारले गेले होते. आता आपल्या मुलांनी ते नुसते पाठ करू नयेत, त्यांना जाब विचारावा.

जय भीम!